फलक लावा, खिडकी कशाला?

मंडळी, ह्या वीकांताला जरा भांडायचा मूड आहे. भांडण परक्यांशी नाही, आपल्याच जमातीशी आहे. म्हणजे हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या काचेच्या इमारतींत बसून, तिसरी कॉफी पीत, फळ्यावर चौकोन आणि बाण काढणाऱ्या तुमच्या-माझ्याशी.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी मुद्दा आधीच एका वाक्यात सांगून टाकतो. जी माहिती आधीच ठरलेली आहे, जी दाखवताना काहीही नवीन ठरवायचं नाही, ती दाखवायला सर्व्हर चालवणं ही चैन आहे. आणि ह्या चैनीचं बिल आपण भरत नाही, ते डाळजसारख्या गावातला माणूस भरतो, ताटकळत बसून.

आता सविस्तर.

एसटी स्टँड आठवा. कुठलंही, भिगवणचं घ्या किंवा इंदापूरचं. तिथे एक चौकशीची खिडकी असते आणि भिंतीवर रंगवलेला वेळापत्रकाचा फलक असतो. खिडकीत एक कंटाळलेले काका बसलेले असतात. एका वेळी एकच माणूस विचारू शकतो, बाकीचे मागे धक्काबुक्की करतात, आणि काका चहाला गेले की संपलं. फलकासमोर मात्र पन्नास माणसं उभी राहिली तरी पन्नास जणांना एकाच वेळी वाचता येतं. फलक दमत नाही, चहाला जात नाही. आपण आयटीवाले काय करतो? फलकावर मावेल अशा गोष्टीसाठी खिडकी बांधतो, गर्दी झाली की आणखी चार खिडक्या बांधतो, कुठल्या खिडकीत जायचं ते सांगायला एक माणूस उभा करतो, आणि ह्या सगळ्याला ‘स्केलेबल आर्किटेक्चर’ म्हणतो.

क्लाउड स्टोरेजवर ठेवलेलं सिंगल पेज अ‍ॅप्लिकेशन म्हणजे हाच फलक, फक्त जरा हुशार. ज्यांचा ह्या प्रकाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अशा अ‍ॅप्लिकेशनमध्ये एक एचटीएमएल फाइल, थोडी जावास्क्रिप्ट, थोडी सजावट असं सगळं एकदाच ब्राउझरमध्ये उतरतं. त्यानंतर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणं, यादी गाळणं, हिशोब करणं हे सगळं तुमच्या फोनमध्येच होतं. मग दुसऱ्या टोकाला काय लागतं? फाइली ठेवायला एक फोल्डर आणि मागितली की ती फाइल देणारं कुणीतरी. बस्स.

ही सोय काही काल-परवाची नाही. अ‍ॅमेझॉनची एस थ्री ही स्टोरेज सेवा मार्च २००६ मध्ये आली. त्या फोल्डरातूनच थेट संकेतस्थळ चालवायची सोय २०११ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं डेटा सेंटर २०१५ मध्ये आणि अ‍ॅमेझॉनचं मुंबईतलं २०१६ मध्ये सुरू झालं. म्हणजे तंत्र जुनं, जागा घराजवळची. तरी ते सुचवलं की मीटिंगमध्ये लोक असे बघतात, जणू मी लग्नात वडापाव ठेवा म्हटलंय.

आता खरं उदाहरण घेऊ, म्हणजे हवेत गोळीबार नको.

१६ जुलै २०२१. दहावीचा निकाल. आठवतंय ना ते वर्ष? करोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, आणि तो लागला ९९.९५ टक्के. विद्यार्थी पावणेसोळा लाखांच्या घरात. दुपारी एकची वेळ जाहीर झाली होती. एक वाजला आणि मंडळाची संकेतस्थळं जी झोपली ती कित्येक तास उठलीच नाहीत. पोरं, आईबाप, मामा, काका सगळे रिफ्रेश मारत बसले.

ह्यात संतापजनक गोष्ट कुठली? निकाल आधीच तयार होता ही! दुपारी एक वाजता कुणाचेही मार्क मोजले जाणार नव्हते. कुठल्याही विद्यार्थ्याचा कुठलाही आकडा त्या क्षणी बदलणार नव्हता. सगळं छापून तयार असलेल्या कागदासारखं होतं. तरीही प्रत्येक पोराच्या प्रत्येक क्लिकमागे तीच माहिती नव्याने विचारली जात असेल, तर तो फलक नव्हे, खिडकी झाली. आणि खिडकीचं जे व्हायचं तेच झालं.

आता फलकाचा हिशोब करू. हा पाठ्यपुस्तकातला हिशोब आहे, रविवारी सकाळी नाश्ता करता करता होतो. एका विद्यार्थ्याचा निकाल म्हणजे नाव, विषय, मार्क. दोन केबीची फाइल झाली तरी खूप. पावणेसोळा लाख गुणिले दोन केबी, म्हणजे जेमतेम सव्वातीन जीबी. अख्ख्या महाराष्ट्राचा दहावीचा निकाल तुमच्या खिशातल्या फोनमध्ये मावतो आणि वर दोन सिनेमांना जागा उरते.

आता गर्दी. समजा सगळेच्या सगळे पहिल्या पाच मिनिटांत आले. तीनशे सेकंदांत पावणेसोळा लाख, म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वापाच हजार फाइली. अ‍ॅमेझॉनच्याच कागदपत्रांत लिहिलंय की एस थ्रीमध्ये एका प्रिफिक्सला (सोप्या भाषेत एका फोल्डरला म्हणा) सेकंदाला किमान ५,५०० वाचनं झेपतात. मंडळाचे विभाग नऊ. पुणे, नागपूर, मुंबई, कोल्हापूर वगैरे. नऊ विभागांचे नऊ फोल्डर केले की क्षमता झाली साडेएकोणपन्नास हजार. ही क्षमता एका क्षणात उगवत नाही, भार वाढेल तशी ती वाढते, त्यामुळे आधी रंगीत तालीम करावीच लागेल. पण तालीम करायला आपल्याकडे अख्खा महिना असतो की!

आणि निकालाचं मुख्य पान, त्याची जावास्क्रिप्ट, मंडळाचं बोधचिन्ह हे सगळ्यांना सारखंच. ते सीडीएनवर, म्हणजे गावोगावच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवलेल्या प्रतींवर. मूळ स्टोरेजला त्याचा पत्ताही लागत नाही.

‘पण निकाल एक वाजायच्या आत फुटला तर?’ बरोबर प्रश्न. फाइली आदल्या रात्री चढवा, पण फोल्डरला कुणाला ओळखता येणार नाही असं लांबलचक नाव द्या. एक वाजता फक्त एक छोटी फाइल बदला, जिच्यात त्या फोल्डरचं नाव आहे. सोळा लाख निकालांचं कुलूप एका ओळीने उघडतं.

‘पण कुणीही कुणाचाही निकाल बघेल.’ हाही बरोबर प्रश्न. आज निकाल बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. फाइलीचं नाव ह्या दोन्हींपासून उलट न फिरणाऱ्या गणिताने, म्हणजे हॅशने, तयार करा. दोन्ही माहीत असेल त्यालाच फाइल सापडेल. आता नेहमीची पन्नास नावं ठोकून बघणारा चोर इथेही येऊ शकतो. खिडकीतले काका त्याला दहाव्या प्रयत्नाला हाकलू शकतात, फलक हाकलू शकत नाही. म्हणून ते काम सीडीएनवरच्या नियमाला द्यायचं: एका पत्त्यावरून मिनिटाला इतक्याच विचारणा. कुलूप तिजोरीचं नाही हे मान्य, पण आजच्या कुलपापेक्षा फार वाईटही नाही.

आता मंडळ निकालाच्या दिवशी अनेक संकेतस्थळं आणि डिजिलॉकर अशी यादी देतं. चांगलं आहे. पण हे खिडक्या वाढवणं झालं. फलक लावायचं अजून कुणाच्या डोक्यात नाही.

असो. लाखांच्या गोष्टी झाल्या, आता आपल्या गावाकडे येतो.

डाळज म्हणजे पुणे-सोलापूर हायवेवरचं, भिगवणच्या पुढचं, उजनीच्या फुगवट्याकाठचं गाव. आमच्याकडे डाळज नंबर एक, दोन आणि तीन अशी तीन गावं आहेत. (गावाचेही तीन इन्स्टन्स, कुणी म्हणू नये आम्ही स्केल होत नाही :)) हायवेवर नेटवर्क झकास. तिथून पाण्याच्या बाजूला शेतात उतरलात की दांडी एकच, तीही तिच्या मर्जीने.

अशा भागातल्या एका दूध संकलन केंद्राला दरपत्रक ऑनलाइन हवं होतं. गायीच्या दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे त्याचं माप. त्याच्या वर गेलं तर भाव वाढतो, खाली आलं तर कापतात. फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ७.५ ते ९.०, दोन्ही पॉइंट एकच्या टप्प्याने, असा तक्ता मांडला तर ३३६ चौकटी होतात. तीनशे छत्तीस! हा अख्खा डेटाबेस. आणि तो बदलतो कधी, तर दर बदलला तर.

ह्या ३३६ चौकटींसाठी एका कंपनीने (नाव नको) कोटेशन दिलं होतं. दोन व्हर्च्युअल मशीन, एक डेटाबेस, एक लोड बॅलन्सर, वर दरमहा देखभाल. ते वाचून केंद्रवाले तात्या मला म्हणाले, ‘‘आरं, दर तर भितीवर लावलेलाच हाय की. त्यो बघायला रातभर मशीन कशाला चालू ठेवायची?’’

दहा वर्षांच्या अनुभवाचे आर्किटेक्ट जे विचारत नाहीत ते तात्यांनी एका दमात विचारलं.

आम्ही काय केलं? माझ्या चुलतभावाने आणि मी एका शनिवारी एक सिंगल पेज अ‍ॅप्लिकेशन बनवलं. पावतीवरचे फॅट, एसएनएफ आणि लिटर टाकायचे, पैसे समोर. सगळं मिळून चाळीस केबी. दरपत्रक एका जेसन फाइलीत, सगळं क्लाउड स्टोरेजवर, वर सीडीएन. एकदा उघडलं की सर्व्हिस वर्करमुळे नेटवर्क नसतानाही चालतं. दर बदलला की चुलतभाऊ एक फाइल चढवतो. सर्व्हर नाही, त्यामुळे रात्री दोनला सर्व्हर पडल्याचा फोनही नाही.

ह्यात पणाला काय लागलंय ते लक्षात घ्या. गोठ्यात उभ्या असलेल्या बाईच्या हातात पावती आहे. आपल्याला पैसे बरोबर मिळाले का हे तिला तिथल्या तिथे बघायचं आहे. पान उघडलं तर ती केंद्रात जाऊन विचारेल. नाही उघडलं तर ती मुकाट्याने घरी जाईल. सर्व्हर पडणं म्हणजे आपल्यासाठी डॅशबोर्डवरचा एक लाल ठिपका असतो, तिच्यासाठी तो हिशोब विचारायचा राहून गेलेला दिवस असतो.

आता विरोधी पक्षाचे मुद्दे. मी ऐकून आहे सगळे.

एक: ‘आतल्या पानाची लिंक थेट उघडली की एरर येतो.’ येतो. कारण ब्राउझरमधलं ते पान म्हणजे स्टोरेजमधली फाइल नव्हेच. स्टोरेज बिचारं त्या नावाची फाइल शोधतं, सापडत नाही, आणि ४०४ म्हणतं, किंवा बकेट खाजगी असेल तर ४०३. मग लोक सीडीएनला सांगतात की काहीही सापडलं नाही तर मुख्य पान दे आणि २०० म्हण. हे चालतं, पण एक गोम आहे. हरवलेल्या जेसनच्या जागीही मग एचटीएमएल येतं आणि कोड ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ म्हणून बोंबलतो. त्यामुळे नियम फक्त पानांच्या पत्त्यांना लावा, डेटाच्या फोल्डरला नको. किंवा सरळ जुन्या पद्धतीने पत्त्यात हॅशचं चिन्ह वापरा. दिसायला गावठी, पण कुणाची परवानगी लागत नाही.

दोन: ‘नवीन आवृत्ती टाकली तरी लोकांना जुनीच दिसते.’ हा स्टोरेजचा दोष नाही, आपल्या आळसाचा आहे. मुख्य एचटीएमएल दर वेळी तपासून घ्यायला सांगा, बाकी फाइलींच्या नावात त्यांचा हॅश घाला आणि त्या वर्षभर साठवू द्या. चढवताना आधी नव्या फाइली, शेवटी मुख्य पान. जुन्या फाइली लगेच उडवू नका, कारण कुणाच्या तरी फोनमध्ये जुनं पान अजून उघडं असतं. चार नियम आहेत, एका चिठ्ठीवर मावतात.

तीन: ‘बकेट उघडी राहिली आणि डेटा गेला.’ खरे प्रसंग आहेत, पण ते भलतीच गोष्ट फलकावर टांगण्याचे प्रसंग आहेत. एप्रिल २०२३ पासून तर एस थ्रीची नवी बकेट मुळातच सार्वजनिक प्रवेश बंद ठेवून तयार होते. सीडीएनला तेवढी किल्ली द्या. आणि कृपा करून जावास्क्रिप्टमध्ये पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या ठेवू नका. ब्राउझरमध्ये उतरलेलं काहीही गुप्त नसतं. जे फलकावर लिहायला लाज वाटेल, ते त्या फोल्डरात जाता कामा नये.

चार: ‘क्लाउडही पडतो.’ पडतो ना! २८ फेब्रुवारी २०१७ ला एका चुकीच्या कमांडने अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधली एस थ्री सेवा सुमारे चार तास झोपली. गंमत म्हणजे सेवा चालू आहे की बंद हे सांगणारा अ‍ॅमेझॉनचा स्वतःचा फलकही एस थ्रीवर अवलंबून होता, त्यामुळे तोही अडकला. पण इथेही फोल्डरच जिंकतो. फोल्डर उचलून दुसरीकडे नेता येतो. तेच अ‍ॅप्लिकेशन अ‍ॅझ्युअरवर, गूगलवर, सरकारच्या मेघराजवर किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर जसंच्या तसं चालतं. परदेशी कंपन्यांच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनाही हेच उत्तर.

पाच: ‘बिल फुगलं तर?’ लक्ष ठेवावं लागतं, हो. २०२४ मध्ये एकाच्या रिकाम्या, खाजगी बकेटवर बाहेरून कोट्यवधी नाकारलेल्या विचारणा आल्या आणि त्याचं बिल त्याच्याच माथी आलं. बोभाटा झाल्यावर अ‍ॅमेझॉनने अशा नाकारलेल्या विचारणांचे पैसे घेणं बंद केलं. धडा साधा आहे: बजेटचा इशारा लावा, बकेट सीडीएनच्या मागे ठेवा.

पण मंडळी, मी आंधळा भक्त नाही. खिडकी लागतेच अशी कामं आहेत. २०२५ मध्ये अकरावीचा ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्याला लागू झाला. तोवर तो मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरता होता. म्हणजे इंदापूर तालुक्यातली पोरंही पहिल्यांदाच त्या रांगेत आली. २१ मेला नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं आणि नोंदणी पुढे ढकलावी लागली. अर्ज भरणं, पसंतीक्रम नोंदवणं, पैसे घेणं हे सर्व्हरचंच काम आहे, कारण तिथे माणूस काहीतरी सांगतोय आणि ते कुठेतरी लिहून घ्यायचंय. पण कॉलेजांची यादी, त्यांचे कोड, वेळापत्रक, माहितीपुस्तिका? हा फलक आहे. तो खिडकीच्या काचेवर चिकटवला की खिडकी बंद झाल्यावर तोही दिसेनासा होतो. दोन्ही वेगळे ठेवा, म्हणजे अर्ज अडला तरी पोरगी निदान यादी वाचून विचार करू शकेल, आणि खिडकीवरची अर्धी गर्दी आपोआप कमी होईल.

आणि आता सिंगल पेजवाल्यांच्या कानात दोन शब्द, कारण तेही धुतल्या तांदळाचे नाहीत. स्टोरेजवर ठेवलं म्हणजे पुण्य लागलं असं नाही. तीन एमबीची जावास्क्रिप्ट एक एमबीपीएसच्या नेटवर्कवर उतरायला चोवीस सेकंद लागतात, आणि तोवर पडद्यावर काय, तर गोल फिरणारं चक्र. सर्व्हरचा भार काढून तो गरिबाच्या फोनवर टाकला तर तो भार गेला नाही, फक्त आपल्या नजरेआड झाला. फलक लावा, पण तो उचलायला चार माणसं लागतील असा नको.

मग इतकं सोपं असूनही आपण हे का करत नाही? कारण सांगू? ‘फोल्डर अपलोड केला’ असं लिहून पगारवाढ मिळत नाही. ‘कुबरनेटिसवर बारा मायक्रोसर्व्हिसेस उभारल्या’ असं लिहिलं की मिळते. कंपनी माणसांचे तास विकते, फोल्डरला तास लागत नाहीत. टेंडर काढणाऱ्यालाही मोठं यंत्र दिसलं की काम मोठं वाटतं. साधेपणाचं कुणाला कमिशन नाही, हीच खरी अडचण आहे. तंत्राची नाही.

तेव्हा सोमवारी हापिसात फळ्यावर पहिला चौकोन काढण्याआधी एवढं एकच विचारा: ‘ह्यातलं आधीच ठरलेलं काय आहे?’ जे ठरलेलं आहे ते फोल्डरात टाका. जे उरेल, त्याच्यासाठी खुशाल सर्व्हर बांधा, मन लावून बांधा, कारण आता तो छोटा असेल आणि गर्दीत उभा राहील. कुणी ‘हे प्रॉडक्शन नव्हे, खेळणं आहे’ म्हणालंच, तर त्याला १६ जुलै २०२१ ची दुपार आठवून द्या. त्या दिवशी बंद पडलं ते खेळणं नव्हतं.